टस्कनीला पहिल्यांदा जाताय? आधी यादी निम्मी करा

ओळखीतलं कोणी इटलीला निघालं की मला हमखास एक एक्सेल शीट येतं, सोबत "जरा बघ ना, जमतंय का हे". सात दिवस, त्यात रोम, व्हेनिस, मिलान, आणि मधेच एका चौकोनात "फ्लॉरेन्स + पिसा, एक दिवस". म्हणजे सकाळी उतरायचं, डोमसमोर (म्हणजे तिथलं मोठं कॅथेड्रल) सेल्फी, मग पळत जाऊन टॉवर ढकलतानाचा फोटो, रात्री परत ट्रेन. हसत नाहीये मी कोणाला, पहिल्या खेपेला मी आणि नवऱ्याने एक्झॅक्टली हेच केलं होतं. दुसऱ्यांदा आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा बाबांचा गुडघा कुरकुरत होता म्हणून नाइलाजाने सगळं हळू केलं, रोज एकच गाव, दुपारी झोप, आणि तेव्हा कुठे कळलं की पहिल्या वेळी आपण काहीच बघितलं नव्हतं. तर जे पहिल्यांदा जाणार आहेत त्यांच्यासाठी, ज्या क्रमाने गोष्टी कराव्या लागतात त्याच क्रमाने लिहितेय.

सुरुवातीलाच एक: टस्कनी म्हणजे शहर नाही, आपल्याकडच्या राज्यासारखा प्रांत आहे. तिकडे त्याला तोस्काना म्हणतात आणि राजधानी फ्लॉरेन्सला म्हणतात फिरेंझे. स्टेशनवरच्या बोर्डावर, ट्रेनच्या तिकिटावर सगळीकडे फिरेंझेच लिहिलेलं असतं. रोमच्या स्टेशनवर बाबा दहा मिनिटं मान वर करून बोर्डावर फ्लॉरेन्स शोधत उभे होते.

१. आधी महिना ठरवा, मग बाकी सगळं

एप्रिल ते जूनचा पहिला पंधरवडा, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स ३५ डिग्रीच्या वर जातं आणि आपल्याला वाटतं की आपण काय, नागपूर-जळगाववाले, आपल्याला उन्हाचं काय कौतुक! पण नागपुरात आपण दुपारी बारा वाजता दगडी चौकात दीड तास लाइनीत उभे राहत नाही. शिवाय १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो नावाचा सण असतो, त्याच्या आगेमागे लहान दुकानं आणि घरगुती हॉटेलं चक्क कुलूप लावून समुद्रावर जातात.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. इन्स्टावर टस्कनीच्या ज्या हिरव्यागार मखमली टेकड्या दिसतात ना, ती गव्हाची शेतं आहेत, आणि ती हिरवी असतात एप्रिल-मेमध्ये. जूनच्या शेवटी पीक सोनेरी होतं, कापणी झाली की जुलैपासून सगळं तपकिरी नांगरलेलं रान. तेही सुंदरच दिसतं पण फोटो बघून गेलेला माणूस हिरमुसतो. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांचं इथे आपोआप जमतं. दिवाळीत जाणार असाल तर ऑक्टोबर चांगला, नोव्हेंबरमध्ये पाऊस असतो पण त्याच सुमारास ऑलिव्हचं ताजं तेल निघतं, हिरवं आणि घशाला चक्क झोंबणारं.

२. व्हिसा

यावर इंटरनेटवर ढिगाने माहिती आहे म्हणून थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्यांची फी ९० युरो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, दोन-तीन महिने आधी लागा कामाला. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोच्या कव्हरचा पाहिजे. आणि दोन-तीन देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, जिथे आधी उतरणार तिथे नाही. (दोन्हीकडे सारख्याच रात्री असतील तरच आधी उतरण्याचा देश.)

३. मुक्काम: दोनच ठिकाणी

सहा रात्री असतील तर चार फ्लॉरेन्स आणि दोन सिएना किंवा खेड्यातल्या एखाद्या आग्रितुरिस्मोमध्ये. आग्रितुरिस्मो म्हणजे शेतावरचं घर, आपल्या कृषी पर्यटनासारखंच, सकाळी त्यांच्याकडचंच जॅम आणि चीज मिळतं. पण तिथे जायला बहुतेक वेळा गाडी लागते, त्यामुळे गाडी चालवणार नसाल तर सरळ सिएना घ्या. रोज हॉटेल बदलण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा, ब्याग भरणं आणि उघडणं यातच अर्धा दिवस जातो.

फ्लॉरेन्सला रोमहून फास्ट ट्रेनने दीड तास, मिलानहून साधारण दोन तास. ट्रेनइतालिया आणि इतालो अशा दोन कंपन्या आहेत, दोन्हीकडे दर बघा, फास्ट ट्रेनची तिकिटं विमानासारखी महाग होत जातात म्हणून लवकर काढा. उतरायचं स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला. शहरात कांपो दी मार्ते आणि रिफ्रेदी अशी अजून स्टेशनं आहेत, स्वस्त तिकीट दिसलं म्हणून तिकडचं काढू नका. हॉटेल या स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत असावं कारण रस्ते दगडी फरशीचे आहेत, चाकाची ब्याग त्यावरून अशी खडखडते की सगळी गल्ली आपल्याकडे बघते. बुकिंग करताना लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या वाड्यांमधली हॉटेलं आहेत, नसते बऱ्याचदा. आणि माणशी दर रात्रीचा सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो, ते कोणी लुबाडतंय असं समजून भांडू नका (आम्ही भांडलो होतो).

४. फक्त तीन गोष्टींचं बुकिंग करा

डोमच्या घुमटावर चढणं, आणि उफ्फित्सी व अक्कादेमिया ही दोन म्युझियमं. या तीनच. बाकी सगळं तिथे गेल्यावर बघू म्हटलं तरी चालतं. पण या तिन्हींची वेळेची तिकिटं ऑनलाइन काढून ठेवा, सीझनला काही आठवडे आधी, आणि त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. सर्चमध्ये वर वर ज्या साइट येतात त्यातल्या बऱ्याच मधले दलाल असतात, त्याच तिकिटाचे दीडपट घेतात. उफ्फित्सी आणि अक्कादेमिया दोन्ही सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम फुकट असतात, हे ऐकून कोणाचेही डोळे चमकतील, माझेही चमकले होते, पण त्या दिवशीची लाइन बघितली की पैसे भरून जावंसं वाटतं.

डोमबद्दल जरा सविस्तर, कारण हे समजून वर चढलात तर पायऱ्या मोजायचं भान राहत नाही. कॅथेड्रल बांधायला घेतलं १२९६ मध्ये, आणि वरचा घुमट एवढा मोठा ठरला की तो घालायचा कसा हेच कोणाला माहीत नव्हतं. कित्येक वर्षं लोकांनी त्या भोकाखाली बसून प्रार्थना केल्या असतील! नेहमीची पद्धत म्हणजे खालून लाकडाचा सांगाडा उभारायचा आणि त्यावर कमान रचायची, पण एवढ्या उंचीवर एवढा सांगाडा कुठून आणणार. मग ब्रुनेलेस्की नावाच्या सोनारकाम शिकलेल्या माणसाने सांगितलं की मी सांगाड्याशिवाय बांधतो. १४२० ते १४३६, सोळा वर्षांत बांधला पण. त्याने एकात एक असे दोन घुमट केले आणि विटा सरळ थरात न लावता मधेमधे उभ्या लावून तिरक्या नक्षीत रचल्या, त्यामुळे प्रत्येक थर सुकेपर्यंत घसरायचा नाही. वर जायचा जिना या दोन घुमटांच्या मधूनच जातो, एका ठिकाणी भिंत अंगावर झुकलेली असते आणि त्या तिरक्या विटा अगदी नाकासमोर दिसतात. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. सिंहगड चढणाऱ्याला दमाने काही होत नाही, पण जिना अरुंद आहे, बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खरंच विचार करा, कारण मधूनच मागे फिरता येत नाही.

गुडघेवाल्यांनी काय करायचं? कॅथेड्रलच्या मागचं ओपेरा देल दुओमो म्युझियम. तिथे लिफ्ट आहे, गर्दी निम्मीसुद्धा नसते, गिबर्ती नावाच्या शिल्पकाराने केलेले बाप्तिस्तेरीचे, म्हणजे बाप्तिस्मा द्यायच्या वेगळ्या इमारतीचे, मूळ सोनेरी दरवाजे तिथेच आहेत (बाहेर चौकात लोक ज्यांचे फोटो काढतात ती कॉपी आहे) आणि मायकेलअँजेलोने म्हातारपणी केलेला, अर्धवट सोडलेला पिएता, म्हणजे मृत येशूला सावरणाऱ्यांचं शिल्प. बाबा त्याच्यासमोरच्या बाकावर अर्धा तास बसले, आम्ही तोपर्यंत घुमट चढून घामाघूम होऊन आलो.

डोमच्या तिकिटात बाप्तिस्तेरी, घंटेचा मनोरा (त्याच्या वेगळ्या ४१४ पायऱ्या) वगैरे धरलेलं असतं आणि ते तीन दिवस चालतं, एकाच दिवसात दोन्ही चढायचा पराक्रम करू नका. कॅथेड्रलमध्ये नुसतं जायला तिकीट नाही पण खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. मे महिन्यातसुद्धा पर्समध्ये एक ओढणी ठेवा, दारावर लोक विकत घेताना दिसतात.

अक्कादेमियात सगळे एकाच गोष्टीसाठी जातात, डेव्हिडचा पुतळा. पाच मीटरहून उंच, १५०१ ते १५०४ मध्ये केलेला, आणि संगमरवराचा तो ठोकळा आधीच्या कलाकारांनी थोडा खोदून सोडून दिलेला होता, वर्षानुवर्षं तसाच पडून होता. मायकेलअँजेलो तेव्हा पंचविशीत. १८७३ पर्यंत तो पुतळा बाहेर चौकात उन्हापावसात उभा होता, आता तिथे कॉपी आहे. लोक सरळ पळत त्याच्यापाशी जातात, पण जाताना दोन्ही बाजूंना दगडात अर्धे अडकलेले पुतळे आहेत, त्यांना "कैदी" म्हणतात, तिथे थांबा. एकाचं नुसतं धड बाहेर आलंय, डोकं अजून दगडातच. आईला देवाधर्माचं सोडून मूर्तिकलेत फार रस नाही, पण तिने डेव्हिडच्या लोंबत्या हाताकडे बघून म्हटलं, "शिरा बघ गं, सुई टोचता येईल." उफ्फित्सीवर मी काही लिहीत नाही, एवढंच की तीन तासांच्या वर थांबू नका, बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या खोल्या आधी करा, आणि पायात जुने सवयीचे बूट घाला.

फुकटातलं सांगायचं तर संध्याकाळी पियात्साले मायकेलअँजेलोवर सूर्यास्त सगळेच बघतात, जत्रा असते. त्याच्या अजून वर पाच-दहा मिनिटं चढून गेलात की सान मिनियातो चर्च आहे, तोच देखावा आणि दहा टक्के माणसं. पोंते वेक्कियो, तो सोनारांच्या दुकानांचा पूल, १३४५ चा आहे. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. आणि ज्यांच्याबरोबर शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांनी गॅलिलिओ म्युझियम अजिबात सोडू नका, तिथे गॅलिलिओचं बोट आहे, खरंखुरं, काचेच्या अंड्यात ठेवलेलं. भाच्याला फोटो पाठवला तर अख्ख्या ट्रिपमधलं त्याला तेवढंच आवडलं.

५. खाणं, विशेषतः व्हेज लोकांनी वाचा

पहिला धक्का ब्रेड. टस्कनीच्या ब्रेडमध्ये मीठच नसतं. का, याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, कोणी म्हणतं कर, कोणी म्हणतं पिसावाल्यांशी भांडण, पण मुद्दा हा की पहिला घास घेतल्यावर वेटरला बोलावू नका, तो तसाच असतो. खारट चीज किंवा रश्शाबरोबर खाल्ला की बरोबर लागतो.

आणि हा ब्रेड शिळा झाला की टाकत नाहीत, त्यावरच त्यांचं निम्मं स्वयंपाकघर चालतं. रिबोल्लिता म्हणजे शब्दशः परत उकळलेली, पांढरा घेवडा, काळसर हिरवी पालेभाजी आणि शिळा ब्रेड यांचं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा ब्रेड. उन्हाळ्यात पान्झानेल्ला, ब्रेड भिजवून पिळून त्यात टोमॅटो, कांदा, काकडी, तुळशीच्या जातीतली ती बेसिलची पानं. शिळ्या पोळीचा कुस्करा खाऊन मोठ्या झालेल्या आपल्या लोकांना हे जेवण परकं वाटत नाही, फक्त मिरचीची सोय आपली आपण करायची. मी छोट्या डबीत कोरडी लसणाची चटणी नेली होती आणि त्याची मला काडीची लाज नाही.

पिसा-लुक्काकडे चेचीना मिळते. आपल्या बेसनासारखं चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह ऑइल, मीठ, मोठ्या परातीत ओतून भट्टीत भाजलेलं, वर मिरपूड. आई म्हणाली धिरडं, बाबा म्हणाले पाटवडी, हा वाद फ्लॉरेन्सपर्यंतच्या ट्रेनमध्ये चालू होता. पिची नावाचा जाड, हाताने वळलेला पास्ता सिएनाच्या बाजूला मिळतो, अल्लाल्योने म्हणजे लसूण-टोमॅटोच्या सॉसमधला मागा, पूर्ण व्हेज असतो.

आता सावधगिरी. "व्हेज सूप" म्हटलं तरी रस मटणाचा असू शकतो, घेवड्यात डुकराचे तुकडे असू शकतात. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेश्शे" म्हणजे मांस नको मासे नको, हे पाठ करा, आणि "ब्रोदो दी कार्ने?" म्हणजे मांसाचं पाणी आहे का, हेही विचारा. मान्झो म्हणजे बीफ, मायाले म्हणजे डुक्कर, चिंगियाले रानडुक्कर, आच्चुगे त्या छोट्या खारवलेल्या मासळ्या. नुसतं "रागू" लिहिलं असेल तर तो खिम्याचाच. मार्केटबाहेर गाड्यांवर लांप्रेदोत्तोचे सँडविच खायला लाइन लागलेली दिसते, ते गायीचं चौथं पोट असतं, माहीत असू द्या आणि मग तुमचं तुम्ही ठरवा. अगदी काटेकोर व्हेज असाल तर पार्मेझान चीजमध्येसुद्धा जनावराचं रेनेट (दूध फाटायला घालतात ते) असतं. बिस्तेक्का, तो प्रसिद्ध स्टेक, वजनावर विकतात आणि आतून लालच देतात, नीट भाजून द्या म्हटलं तर चेहरा पडतो त्यांचा.

कॉफी उभ्याने प्यायची, काउंटरवर. तीच कॉफी टेबलावर बसून प्यायली तर चौकातल्या कॅफेत दुप्पट-तिप्पट पडते. "काफ्फे" म्हणजे एस्प्रेसो, आणि "लाते" मागितलंत तर खरंच एक ग्लास दूध येईल कारण लाते म्हणजे दूधच. बिलात माणशी दोन-तीन युरो कोपेर्तो लावलेला असतो, तो बसण्याचा चार्ज, मग वर टिप द्यायलाच हवी असं नाही. जेवणाच्या वेळा साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतर. चार वाजता भूक लागली तर जेलातो (तिकडचं आईस्क्रीम) किंवा पावाचा तुकडा, स्वयंपाकघर बंद असतं. पाण्याची बाटली सोबत ठेवा, पालाझ्झो वेक्कियो या जुन्या वाड्याच्या बाजूला चौकात फुकट पाण्याचा नळ आहे, साधं आणि सोडावालं दोन्ही.

६. रोज एक गाव

पिसा आणि लुक्का एका दिवसात होतात कारण दोन्ही रेल्वेवर आहेत. फ्लॉरेन्सहून पिसा तासभर, साधी रीजनल ट्रेन, तिकीट दहा युरोच्या आसपास, आधी काढायची गरज नाही, दर बदलत नाही. पण कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करायचं. हे विसरलात तर दंड, आणि "आम्हाला माहीत नव्हतं" हे वाक्य टीसी दिवसातून पन्नास वेळा ऐकतो.

टॉवर ११७३ ला बांधायला घेतला आणि तिसरा मजला होईपर्यंतच खाली मऊ मातीत एका बाजूने खचायला लागला. मधेमधे युद्धं झाली, काम थांबलं, म्हणून उलट तो वाचला, कारण मातीला बसायला वेळ मिळाला. १९९० मध्ये धोकादायक म्हणून बंद केला, दुसऱ्या बाजूची माती थोडी थोडी काढून जरासा सरळ केला आणि २००१ मध्ये परत उघडला. वर चढायला वेगळं तिकीट लागतं आणि आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. माझं मत विचाराल तर खालून बघा, फोटो काढा (काढाच, लाजू नका, सगळं जग तिथे हात वर करून उभं असतं), बाजूच्या बाप्तिस्तेरीत जा आणि दुपारच्या ट्रेनने लुक्का गाठा, अर्धा तास लागतो.

लुक्काला गावाभोवती अख्खी तटबंदी शिल्लक आहे, चार किलोमीटरच्या वर, आणि तटावर इतका रुंद रस्ता आहे की लोक सायकली चालवतात. सायकल तासावर भाड्याने मिळते. तटावर झाडं, एका बाजूला कौलारू घरं, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि गाडी एकही नाही. आमच्या आईने पंचवीस वर्षांनी सायकल चालवली तिथे.

सिएनाला मात्र ट्रेनने नका जाऊ, स्टेशन गावाच्या खाली आहे, वर जायला मग सरकत्या जिन्यांची रांग. फ्लॉरेन्स स्टेशनच्या शेजारच्या बसस्टँडवरून १३१ नंबरची बस पकडा, ती फास्टवाली, सव्वा तासात गावाच्या तोंडाशी सोडते. तिथला मुख्य चौक, पियात्सा देल कांपो, शिंपल्यासारखा उतरता आहे, लोक जमिनीवर चक्क आडवे पडलेले असतात, तुम्हीही पडा. या चौकाच्या कडेने २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ म्हणजे घोड्यांची शर्यत होते. खोगीर नाही, तीन फेऱ्या, दीड मिनिटात खलास, आणि स्वार पडला तरी घोडा पहिला आला तर जिंकला. गावाचे १७ भाग आहेत, गोगलगाय, हंस, कासव, सुरवंट अशी त्यांची नावं आणि निशाणं, एका वेळी दहाच पळतात. पुण्यातल्या पेठा आणि त्यांची मंडळं डोळ्यासमोर आणा, भांडणासकट, म्हणजे बरोबर कळेल. प्रत्येक भागाचं आपलं चर्च, आपलं म्युझियम. शर्यतीच्या दिवशी मुद्दाम जायचं असेल तर उन्हात तासन्‌तास चौकात कोंडून उभं राहायची तयारी ठेवा, लहान मुलांना नेऊ नका.

सान जिमिन्यानो, मनोऱ्यांचं गाव. सत्तरेक होते, आता चौदा उरलेत. दिवसा टूरच्या बसेस ओतत असतात, संध्याकाळी पाचनंतर गाव परत गावासारखं होतं. बसने जाताना पोजिबोन्सीला बदलावी लागते.

७. गाडी घ्यायची असेल तर

एक किंवा दोनच दिवस घ्या, वाल दोर्चा नावाच्या खोऱ्यासाठी आणि त्याच्या आसपाससाठी. पिएन्झा (पेकोरिनो चीज, गल्लीत शिरलं की वासच येतो), मोंतेपुलचानो, आणि बान्यो विन्योनी, जिथे गावाच्या मधोमध चौकाऐवजी गरम पाण्याचं मोठं कुंड आहे. त्या कुंडात उतरता येत नाही. उतरायचं असेल तर अजून दक्षिणेला सातुर्नियाचे धबधबे, साधारण ३७ डिग्रीचं गंधकाचं पाणी, फुकट. वज्रेश्वरीला गेलेल्यांना वास ओळखीचा वाटेल. चांदीचे दागिने काढून जा, काळे पडतात.

भारतीय लायसन्ससोबत आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढून न्यायचंच. आणि झेडटीएल ही तीन अक्षरं कोरून ठेवा. जुन्या गावांच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा. पोलिस अडवत नाही, शिट्टी नाही, काही नाही. आपण खुशाल आत जाऊन, चुकलो म्हणून परत त्याच कॅमेऱ्यासमोरून बाहेर येतो. आम्हाला सात महिन्यांनी घरी पत्र आलं, दंड वेगळा आणि गाडीवाल्या कंपनीने आमचा पत्ता पोलिसांना कळवला त्याची फी वेगळी. चूक आमचीच, मॅप दाखवेल तिकडे वळत गेलो. गाडी गावाबाहेर लावा: पांढऱ्या रेषा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाही.

संपाचंही बघून ठेवा, शब्द शोपेरो. तारखा आधी जाहीर होतात. रीजनल ट्रेन कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ चालू ठेवाव्या लागतात, संपाच्या दिवशी त्या वेळेत हला.

८. कोल्हापूरचे महाराज

हे शेवटी ठेवलंय कारण आम्ही पण शेवटच्या दिवशी गेलो आणि खरं तर पहिल्या दिवशी जायला हवं होतं. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पार टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे. छत्री म्हणजे आपली छत्री, खांब, वर घुमट, खाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीच्या पिढीतले. १८७० मध्ये इंग्लंड बघून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथल्या हॉटेलात गेले. वय वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, आणि दहनाची तिथे पद्धतच नव्हती. खास परवानगी मिळाली आणि बरोबरच्या लोकांनी दोन नद्यांचा संगम शोधून तिथे रात्री अग्नी दिला. आता विचार करा, परका देश, कडाक्याची थंडी, भाषा येत नाही, आणि त्या माणसांनी संगम शोधला.

स्मारक १८७४ चं, पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, छत्री मेजर मँटची, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. बाजूच्या मोठ्या पुलाचं नावच पोंते आल्लिंदियानो, भारतीयाचा पूल. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

जायचं कसं: टी१ ट्रामने कास्चिने स्टॉपवर उतरा आणि उद्यानातून नदीच्या कडेने पश्चिमेला चालत राहा, तीनेक किलोमीटर, सपाट, झाडांची सावली. सायकल मिळाली तर उत्तम. मंगळवारी सकाळी उद्यानात मोठा आठवडी बाजार असतो, तो पण होऊन जाईल. सकाळीच जा, अंधार पडल्यावर तो भाग सुनसान होतो, तिथे थांबू नका. तिकीट नाही, लाइन नाही, आम्ही होतो तेव्हा एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता तेवढाच.

बाबा मूळचे कागलचे. टॅक्सी करूया का म्हटलं तर नको म्हणाले, आठवडाभर गुडघ्याचं नाव घेत होते ते तीन किलोमीटर चालत आले आणि छत्रीसमोर आल्यावर आधी बूट काढले.